आईचा आजार आणि आई: वेगळे काढता येतात का?

कृष्णाकाठची:

१९८६ सालच्या मार्च महिन्यातली ही गोष्ट आहे. मी नऊ वर्षांची होते आणि धाकटा भाऊ सहा वर्षांचा. पहाटे चारच्या आधीच आईने आम्हा दोघांना उठवले, अंगात स्वेटर चढवले, सांगलीतल्या आमच्या वाड्याची कडी आवाज न करता काढली आणि वडिलांची झोप न मोडता आम्हाला नदीकाठच्या मळीच्या रानात नेले. हॅलेचा धूमकेतू आला होता. आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणत असे आणि त्याच्याकडे पाहू नये अशी तिची सक्त ताकीद होती. आईने मात्र बांधावर शाल अंथरून आम्हाला बसवले, आग्नेयेकडे बोट दाखवले आणि म्हणाली की हा पाहुणा शहात्तर वर्षांनी येतो. २०६१ साली येईल तेव्हा तुम्ही म्हातारे झालेले असाल, तेव्हा त्याला माझा नमस्कार सांगा. मला एक पांढुरका, पुसट डाग दिसल्याचे पक्के आठवते. भाऊ म्हणतो की तो वीटभट्टीचा धूर होता. उजाडेपर्यंत आई बोलत राहिली, ग्रहांबद्दल, माहेरच्या विहिरीबद्दल, पाठ असलेल्या कवितांबद्दल. एवढी लख्ख जागी असलेली आई मी त्यापूर्वी पाहिली नव्हती.

माझे वडील एसटीच्या डेपोत हिशेबाचे काम करत. २०१४ साली ते गेले, आणि त्यांचे कपाट आवरताना लाल कापडी बांधणीची एक वही सापडली. तिच्यात त्यांनी चार रकाने आखलेले होते: झोप, गोळ्या, खर्च, शेरा. त्या दिवशीच्या नोंदीत झोपेच्या रकान्यात ‘पाचवी रात्र. नाही.’ असे लिहिले आहे. गोळ्यांच्या रकान्यात ओळखीच्या डॉक्टरांनी दिलेली झोपेची अर्धी गोळी आहे, कारण आजाराला नाव मिळायला अजून वर्षभराचा अवकाश होता. शेऱ्यात एवढेच आहे: ‘मुलांना घेऊन पहाटे बाहेर. धोका.’

माझ्या बालपणीची सर्वांत सुंदर आठवण वैद्यकाच्या भाषेत एक लक्षण होती, आणि तीच पहाट माझ्या वडिलांनी जीव मुठीत धरून काढली होती. हा धागा काढण्याचे कारण तेच आहे. ‘तो आजार होता, ती आई नव्हती’ असे सांत्वन मला आजवर अनेकांनी केले, त्यात दोन डॉक्टरही होते. तिने मला सांडशी फेकून मारली होती, त्या आठवणीपुरते ते वाक्य उपयोगी पडले. पण ते पुरते मान्य करायचे तर शेंडेनक्षत्र दाखवणारी बाईही माझी आई नव्हती असे म्हणावे लागते, आणि ते माझ्याने म्हणवत नाही.

त्या पहाटेनंतरच्या तीन आठवड्यांत तिने उधारीवर पेटी आणि अकरा साड्या आणल्या, सबंध गल्लीला पुरणपोळ्या वाटल्या आणि पंतप्रधानांना रोज एक पत्र पाठवायला सुरुवात केली. मग एका दुपारी आम्ही शाळेतून आलो तेव्हा ती घरात नव्हती. ‘आई मावशीकडे गेली आहे,’ असे आम्हाला सांगण्यात आले. मावशी त्याच वेळी आमच्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. हे मला दिसत होते, तरी मी काही विचारले नाही. अशा घरांतल्या मुलांना न विचारण्याची सवय फार लवकर लागते.

पावसाळ्यात ती परत आली, ती भिंतीकडे तोंड करून निजणारी आई होती. वेणीफणी थांबली, केसांना तेल लागेना, आणि श्रावण संपता संपता तिच्या मानेमागे केसांचा लाकडासारखा घट्ट गोळा तयार झाला. आजीने त्याला हळदकुंकू वाहून ती यल्लम्माची जट असल्याचे जाहीर केले. यल्लम्माचे सौंदत्ती आमच्याकडून फार लांब नाही. जट कापली तर घरावर देवीचा कोप होतो, ही भीती आमच्या भागातल्या बायकांच्या मनात किती खोल रुतलेली असते, हे तिकडच्या लोकांना सांगायला नको. मला देवीबद्दल काही म्हणायचे नव्हते, मला फक्त आईची वेणी घालायची होती. म्हणून रोज शाळेतून आल्यावर मी खोबरेल तेल कोमट करून त्या गोळ्यात जिरवत असे आणि विणकामाच्या सुईच्या टोकाने एकेक केस सोडवत असे. आई हूं की चूं करत नसे, पण मान माझ्या बाजूला किंचित कलती करत असे. तीन आठवड्यांत जवळजवळ निम्मी जट सुटली. त्यानंतरच्या एका दिवशी मी घरी आले तर काकांनी कात्रीने सगळे केस मानेपासून कापून टाकलेले होते. काका सुधारकी विचारांचे होते, घरातली अंधश्रद्धा त्यांना संपवायची होती आणि त्यांच्या हेतूबद्दल आजही माझी तक्रार नाही. आईला मात्र कोणी विचारले नव्हते. त्या दिवशी तिच्या डोळ्यांतून पाणी आले. कित्येक महिन्यांत तिने कशालाही दिलेला तो पहिला प्रतिसाद होता.

१९८७ साली बायपोलर आजाराचे, म्हणजे तेव्हाच्या भाषेत ‘मॅनिक डिप्रेशन’चे निदान झाले, लिथियम हे औषध सुरू झाले आणि घर हळूहळू घरासारखे झाले. आई आता ७३ वर्षांची आहे आणि पुण्यात माझ्याकडे असते. ज्यांचे लहानपण अशा घरात गेले, त्यांनी आपल्या आईला आणि तिच्या आजाराला मनात कसे सांभाळले, हे मला वाचायचे आहे.

जुना_ठाणेकर:

आपले लेखन मनाला भिडले, तरी मी सहमत होऊ शकत नाही, आणि ते प्रांजळपणे लिहितो आहे. माझ्या आईला स्किझोफ्रेनिया आहे. आमच्या घराच्या खिडक्यांना आतून वर्तमानपत्रे चिकटवलेली असत, कारण समोरच्या इमारतीतून कोणीतरी आपल्यावर नजर ठेवते, अशी तिची खात्री होती. मी अक्षरे लावायला शिकलो ती त्याच कागदांवर. बाहेरचा उजेड कागदातून येत असल्यामुळे मागच्या पानावरची अक्षरे उलटी उमटत, आणि पहिलीत मी काही अक्षरे उलटी काढतो म्हणून मार खाल्ला होता. अन्नात कोणी विष घालते, या संशयापोटी ती प्रत्येक पदार्थाचा पहिला घास मला खायला लावत असे आणि मग पाच मिनिटे माझ्या चेहऱ्याकडे पाहत बसत असे. आपल्याकडे धूमकेतू आहे. माझ्याकडे ती पाच मिनिटे आहेत.

पहिली सात वर्षे बाहेरची बाधा, करणी, उतारे आणि दत्ताच्या ठिकाणी पौर्णिमेच्या वाऱ्या यांत गेली. त्यामुळे ‘हा आजार आहे, ही ती नव्हे’ हे वाक्य पंधराव्या वर्षी एका समुपदेशक बाईंकडून मी प्रथम ऐकले तेव्हा माझी सुटका झाली. ते वाक्य मिळाले नसते तर मी तिचा द्वेष करत मोठा झालो असतो. पुण्याच्या ‘सा’ (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) या संस्थेसारख्या गटांत रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणण्याचा प्रघात आहे. सुरुवातीला मला हे शब्द जरा गोडगोड वाटले होते. पण स्वमदत गटाच्या सभेत ‘मी शुभंकर आहे’ असे म्हणून उभे राहता येते, ‘मी वेडीचा मुलगा आहे’ हे मनात ठेवून उभे राहता येत नाही.

कृष्णाकाठची:

आपले म्हणणे मला पटते, आणि माझा प्रश्न आता मला थोडा चैनीचा वाटू लागला आहे. मॅनिया, म्हणजे बेभान उत्साहाचा भर, आणि नैराश्य येऊन जातात, दोन झटक्यांच्या मधल्या काळात माणूस पुष्कळसा परत मिळतो. म्हणून मला तुलना करायला आई उपलब्ध होती. आपल्याला तेवढेही मिळाले नसावे.

पळस२२:

मी येथे प्रथमच लिहीत आहे. माझे वय २२ आहे, आम्ही मराठवाड्यात राहतो, घरी आई आणि मी दोघीच आहोत. आईला आवाज ऐकू येतात, निदान झाले आहे, पण गेल्या दोन महिन्यांपासून तिने गोळ्या बंद केल्या आहेत. ‘मला काही झालेले नाही, गोळी तूच खा,’ असे ती म्हणते. मामा म्हणतात की गोळीची पूड करून आमटीत मिसळ, हल्ली थेंबही मिळतात. मी अजून तसे केलेले नाही, पण पुढच्या महिन्यात माझी परीक्षा आहे आणि रात्री मला झोप मिळत नाही. असे करणे चूक आहे का?

जुना_ठाणेकर:

चूक की बरोबर हे मी सांगत नाही, आमच्या घरी काय झाले ते सांगतो. वडील वर्षभर आमटीत पूड घालत होते आणि आई खरोखरच सुधारली होती, एवढी की खिडक्यांवरचे कागद तिने स्वतः काढले. मग एक दिवस आमटी संपल्यावर वाटीच्या तळाशी तिला पांढरा गाळ दिसला. ज्या बाईला वर्षानुवर्षे वाटत होते की घरचे लोक जेवणात काहीतरी घालतात, तिला त्या दिवशी पुरावा मिळाला. त्यानंतर चार वर्षे ती आमच्या हातचे जेवली नाही, स्वतःची वेगळी चूल मांडून नुसता भात शिजवून खात राहिली.

मनोविकार_ओपीडी:

मी या क्षेत्रात २६ वर्षे काम करतो. कोणाच्या औषधाबद्दल येथे सल्ला देणार नाही, पण पळस यांना काही गोष्टी सांगाव्याशा वाटतात. ‘मला काही झालेले नाही’ हा बहुतेक वेळा हट्ट नसतो. आपण आजारी आहोत याची जाणीव पुसली जाणे हा या आजाराचाच भाग आहे, आणि म्हणून वादात जिंकून गोळी घेतली जात नाही. ‘गोळीने तुला काय त्रास होतो?’ हा प्रश्न मात्र विचारून पाहा. वजन वाढणे, जीभ जड होणे, दिवसभर गुंगी येणे, पाय सतत हलत राहणे, यांपैकी काहीतरी बहुधा निघते, आणि त्यावर डॉक्टरांना डोस किंवा औषध बदलता येते. दोन किंवा चार आठवड्यांनी एकदा घ्यायची इंजेक्शनेही असतात. रोजच्या रोज गोळीवरून होणारी झटापट त्यामुळे टळते, आणि ती आईला सांगून, तिच्या संमतीने देता येतात. त्यांच्याबद्दल तुमच्या डॉक्टरांना आवर्जून विचारा. रात्री कोणाशी बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही विनाशुल्क सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मिळते, तेथे मराठीतून बोलता येते आणि सांभाळणाऱ्यांनीही फोन करायचा असतो. आई स्वतःला किंवा तुम्हाला इजा करील अशी शंका आली तर मात्र परीक्षेचा विचार न करता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आणखी एक गोष्ट कोणी विचारली नाही, पण या धाग्यावरच्या प्रत्येकाच्या मनात ती असणार. आईला किंवा वडिलांना स्किझोफ्रेनिया असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण शंभरात दहाच्या आसपास असते, एरवी ती शंभरात एकाच्या आसपास असते. बायपोलरचे आकडेही फार वेगळे नाहीत. म्हणजे धोका वाढतो हे खरे, आणि दहापैकी सुमारे नऊ मुलांना तो आजार होत नाही हेही तितकेच खरे. लग्नाच्या बोलणीत पहिले वाक्य सगळे जण लक्षात ठेवतात.

दूरदेशी:

मी मेलबर्नला असतो आणि आई नाशिकला धाकट्या भावाकडे असते. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर आई माझ्याशी तासभर व्यवस्थित बोलते, विनोद करते, नातवंडांची चौकशी करते. त्यामुळे भाऊ तिच्याबद्दल जे सांगतो ते मला वाढवून सांगितल्यासारखे वाटत असे, आणि मी तसे त्याला बोलूनही दाखवले होते. गेल्या वर्षी सहा आठवडे घरी राहिलो तेव्हा कळले की त्या एका तासासाठी आई शनिवारपासून जीव गोळा करत असते, आणि सोमवारी त्याची वसुली भावाच्या घरातून होते. पैसे पाठवणे सोपे आहे, हे आता मी मान्य करतो.

उंबरठा:

दूरदेशी, मी आपली भावजय नाही, पण असू शकले असते. या धाग्यावर मुलगे आणि मुली लिहीत आहेत. सुनांनी लिहिलेले मला कोठे दिसले नाही. माझ्या सासूबाईंच्या आजाराची कल्पना मला लग्नाआधी कोणी दिली नव्हती. कृष्णाकाठची यांना तुलना करायला निदान आधीची आई आहे, मला आधीच्या सासूबाई कधी भेटल्याच नाहीत. मी ओळखते ती आजारासकटची बाई, आणि गंमत अशी की मला ती बऱ्यापैकी आवडते. तिच्यात खरे कोण आणि आजार कोणता असा हिशेब मांडायला मला वेळही मिळालेला नाही. आमच्याकडच्या रविवारच्या कॉलआधी त्यांना न्हाऊ घालून साडी नेसवणारी मीच असते.

कलम_आणि_कागद:

व्यवसायाने वकील असल्यामुळे चार कोरड्या गोष्टी लिहितो, कारण अशा घरांत त्या वेळेवर ठाऊक नसतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ साली संमत झाला आणि २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार प्रत्येक प्रौढ व्यक्तीला बरी असताना आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, तसेच आजार उलटल्यास कोणते उपचार व्हावेत आणि कोणते होऊ नयेत याचा आगाऊ निर्देश दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवता येतो. तातडीच्या उपचारांना मात्र तो निर्देश लागू होत नाही. रुग्णाची तयारी नसताना प्रतिनिधीच्या अर्जावरून दाखल करण्याची तरतूद कलम ८९ मध्ये आहे, तिची मुदत जास्तीत जास्त तीस दिवसांची असते आणि दोन तज्ज्ञांना स्वतंत्रपणे तपासणी करावी लागते. साखळीने बांधून ठेवण्यास कायद्याने पूर्ण बंदी आहे. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारापेक्षा वेगळी वागणूक देता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश असल्यामुळे ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि त्यावर काही सवलती अवलंबून असतात. बहुतेक घरे हे प्रमाणपत्र काढत नाहीत, कारण त्यावर आजाराचे नाव छापलेले असते.

कृष्णाकाठची:

सर्वांचे मनापासून आभार. पळस, आपण मला व्यक्तिगत निरोप पाठवला आहे, त्याला उत्तर दिले आहे.

औषधांचा विषय निघाला म्हणून एक अनुभव लिहून ठेवते, कारण लिथियम घेणाऱ्या आयांच्या घरी तो उपयोगी पडेल. २०११ साली आईने हरतालिकेचा निर्जळी उपास केला. त्याआधी दोन आठवडे गुडघेदुखीसाठी ती शेजारणीने दिलेल्या वेदनाशामक गोळ्या घेत होती. दुसऱ्या दिवशी तिच्या हातून कप निसटला, जुलाब सुरू झाले, चालताना झोक जाऊ लागले आणि बोलणे दारू प्यायल्यासारखे जड झाले. आम्ही पित्त समजून लिंबूसरबत देत बसलो. तिच्या रक्तातले लिथियम एरवी ०.७ च्या आसपास असे, ते त्या दिवशी २.१ निघाले. शरीरातले पाणी कमी झाले की लिथियम साठत जाते, आणि काही वेदनाशामकेही तेच करतात, हे चोवीस वर्षे ती गोळी घरात असून आम्हाला माहीत नव्हते. कोणी सांगितले असेलही. ते वडिलांना सांगितले असेल. आता वडिलांची वही मी पुढे चालवते, तीत पाचवा रकाना मी आखला आहे आणि त्याचे नाव ‘पाणी’ आहे. रक्तातल्या लिथियमची तपासणी दर तीन महिन्यांनी होते, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची त्याच्या जोडीने. हरतालिका आई अजूनही करते, पण ताक पिऊन.

कलम_आणि_कागद यांचा प्रतिसाद वाचून मी आईशी आगाऊ निर्देशाबद्दल बोलले. मला वाटले होते की ती चिडेल. तिने चष्मा मागितला आणि शिक्षिकेच्या अक्षरात, अनुक्रमांक घालून, स्वतः लिहायला बसली. तीन रात्री झोप झाली नाही तर मला न विचारता डॉक्टरांना फोन करावा. मला काकांच्या घरी नेऊ नये. बँकेचे कार्ड मुलीकडे द्यावे, पण दोनशे रुपये माझ्या बटव्यात असू द्यावेत. मी कोठे आहे ते नातवंडांना खरे सांगावे. पाचवे कलम असे होते: माझे केस माझ्या परवानगीशिवाय कोणी कापू नयेत, गुंता झाल्यास तेल लावून सोडवावेत, मुलीला ते येते.

जट तिला आठवत असेल असे मला कधी वाटले नव्हते. धीर एकवटून मी मग त्या पहाटेबद्दलही विचारले आणि भावाचा व माझा एवढ्या वर्षांचा वाद तिच्यापुढे ठेवला. ती थोडा वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, “मला कुठे काय दिसलं होतं गं? धुकं होतं नुसतं. तू दिसलं दिसलं म्हणून टाळ्या पिटायला लागलीस, म्हणून म्हटलं, हो, तेच ते.”